मदतनिधीसाठी देश ओलांडणारी सायकलयात्रा: आखणीपासून हिशेबापर्यंत

एखाद्या रुग्णालयासाठी, शाळेसाठी किंवा संशोधनासाठी निधी उभारायचा म्हणून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सायकलने जायचे ठरले, की पहिली चर्चा बहुधा सायकल कोणती घ्यायची याची होते. वास्तविक तो प्रश्न बराच नंतरचा आहे. हौशी भ्रमंती आणि निधीसाठीची यात्रा यांत सायकलीचा फरक नसतो, दिलेल्या शब्दाचा असतो. हौशी सायकलस्वाराचा गुडघा दुखू लागला तर तो दोन दिवस थांबतो आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. निधीसाठी निघालेल्या माणसापुढे मात्र उद्याचा सत्कार, परवाची शाळाभेट आणि प्रत्येक किलोमीटरमागे अमुक रक्कम देण्याचे वचन दिलेले लोक उभे असतात, आणि त्या दडपणाखाली संध्याकाळी पाच वाजता, थकलेल्या डोक्याने घेतलेले निर्णय चुकतात. म्हणून जे जे घरी बसून ठरवता येते ते निघण्यापूर्वी ठरवावे आणि लिहून ठेवावे. रस्त्यासाठी शक्य तितके कमी निर्णय शिल्लक राहिले पाहिजेत.

आधी पैसा, मग पेडल

ज्या संस्थेसाठी निधी गोळा करायचा तिची लेखी संमती सर्वांत आधी घ्यावी. संस्थेची नोंदणी चालू आहे का, तिचे लेखापरीक्षित हिशेब पाहायला मिळतात का, देणगीदाराला करसवलतीची पावती ती स्वतः देणार का आणि तिचे नाव व बोधचिन्ह तुम्ही कुठे वापरू शकता, हे चार मुद्दे त्या पत्रात स्पष्ट असावेत. निधी नेमका कशासाठी वापरला जाणार हेही एका वाक्यात लिहून घ्यावे. ‘आरोग्यसेवेसाठी’ असे मोघम लिहिले की वाटेत भेटणारा प्रत्येक माणूस तोच प्रश्न विचारतो आणि प्रत्येक स्वार त्याला वेगळे उत्तर देतो.

त्यानंतरचा नियम असा, की यात्रेचा खर्च आणि देणगी यांची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी असावीत. टायर, मुक्काम, जेवण, गाडीचे इंधन आणि परतीचा प्रवास हा सारा खर्च स्वारांनी स्वतः करावा किंवा त्यासाठी स्वतंत्र प्रायोजक मिळवावा. देणगीतून खर्च वजा करणारच असाल, तर आवाहनाच्या पहिल्याच परिच्छेदात तसे लिहावे. शंभर रुपये देणाऱ्याला त्यातले किती संस्थेपर्यंत पोहोचणार हे देण्यापूर्वी कळले पाहिजे. माझे स्पष्ट मत असे आहे, की खर्चाची सोय वेगळी होत नसेल तर यात्रा एक वर्ष पुढे ढकलावी.

शक्य असेल तिथे देणगी थेट संस्थेच्या खात्यात जमा होऊ द्यावी. ती तुमच्या हातून जाणार असेल, तर दोन सह्यांचे खाते असावे आणि त्यातली एक सही यात्रेत नसलेल्या माणसाची असावी. वाटेत सभेनंतर कोणी हातात रोख ठेवले तर तिथेच पावती फाडावी, रक्कम दोघांनी मोजावी आणि दुसऱ्या दिवशी भरणा करावा. ऑनलाइन मंचावरून निधी गोळा करताना मंचाचे शुल्क आणि पैसे हाती पडण्यास लागणारा कालावधी आधीच तपासावा. जमा झालेली रक्कम आणि नुसती कबूल झालेली रक्कम या दोन स्तंभांची कधीही बेरीज करू नये, कारण कबुलीतला काही भाग येतच नाही आणि फुगवलेला आकडा नंतर जाहीरपणे खाली आणावा लागतो.

अंतर आणि दिनदर्शिका

रोजचे अंतर ठरवताना बहुतेक जण स्वतःच्या सर्वोत्तम दिवसाचा आकडा धरतात. धरायला हवा तो गटातल्या सर्वांत संथ स्वाराचा, सामानासह, सलग चौथ्या दिवशीचा आकडा. समजा एकूण अंतर २,४०० किलोमीटर आहे आणि रोजचा टप्पा १०० किलोमीटरचा आहे. चालवण्याचे २४ दिवस झाले. दर सहा दिवसांनी एक पूर्ण विश्रांती धरली तर आणखी तीन दिवस लागतात, आणि पाऊस, आजार, मोडलेले चाक यांच्यासाठी दर दहा दिवसांमागे किमान एक राखीव दिवस ठेवला तर आणखी तीन. म्हणजे ही यात्रा ३० दिवसांची आहे आणि समारोपाची तारीख त्याच हिशेबाने जाहीर करावी. राखीव दिवस वापरले गेले नाहीत तर शेवटच्या गावाबाहेर दोन दिवस आराम करता येतो. उशीर झाला तर मात्र सभागृह, पाहुणे आणि परतीची तिकिटे सगळेच कोलमडते.

सरासरीच्या फसवेपणाचे वाऱ्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, सामान लादलेली सायकल ताशी २० किलोमीटरने चालवणाऱ्याला १०० किलोमीटरला पाच तास लागतात. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा सुरू झाला आणि पायांतला जोर तेवढाच राहिला, तर वेग साधारण १३ वर येतो आणि तोच टप्पा साडेसात तासांहून अधिक वेळ घेतो. नकाशावर यातले काहीच दिसत नाही. म्हणून त्या ऋतूत त्या पट्ट्यात वारा कोणत्या दिशेने वाहतो हे पाहूनच यात्रेची दिशा ठरवावी. ब्रिटनमध्ये लँड्स एंड ते जॉन ओ’ग्रोट्स हा सुमारे १,४०० किलोमीटरचा मार्ग बहुसंख्य सायकलस्वार दक्षिणेकडून उत्तरेकडे जातात, कारण तिथे वारे प्रामुख्याने नैऋत्येकडून येतात. समारोप राजधानीत झाला तर प्रसिद्धी बरी मिळते, या कारणासाठी महिनाभर वारा तोंडावर घेणे शहाणपणाचे नाही.

मार्ग निवडताना अंतरापेक्षा वाहतूक पाहावी. अमेरिकेत १९७६ मध्ये देशाच्या द्विशताब्दीनिमित्त ऑरेगॉनपासून व्हर्जिनियापर्यंत आखलेला सुमारे ६,८०० किलोमीटरचा सायकलमार्ग मुद्दाम छोट्या, कमी वर्दळीच्या रस्त्यांवरून नेलेला आहे. तो जवळचा नाही, पण आजही लोक त्यावरून जातात. अंतर दहा टक्क्यांनी वाढत असले तरी अवजड वाहनांचा रस्ता टाळावा. जिथे तो टाळता येत नाही तो पट्टा पहाटे पार करावा आणि बोगदे, लांब पूल व सायकलला मनाई असलेले द्रुतगती मार्ग नकाशावर आधीच लाल रंगाने दाखवावेत. कार्यक्रम शक्यतो विश्रांतीच्या दिवशी किंवा सकाळी निघण्यापूर्वी ठेवावेत. संध्याकाळी ठरावीक वेळेला पोहोचण्याचे वचन कोणालाही देऊ नये.

हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहितो. आमच्या एका यात्रेत नवव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ३८ किलोमीटर बाकी होते, समोरून वारा होता आणि एका शाळेत मुले वाट पाहत बसली आहेत अशी आमची समजूत होती. पाचपैकी दोघांचे दिवे आदल्या रात्री चार्ज झालेले नव्हते. तरीही निघालो. अंधारात मागचा साथीदार मोरीच्या तुटलेल्या कठड्याजवळ रस्त्याखाली घसरला आणि त्याचे मनगट मुरगळले. ज्यांच्यासाठी आम्ही धावाधाव केली ते कार्यक्रम दुसऱ्या दिवसावर ढकलून केव्हाच घरी गेले होते. तसा निरोपही आला होता, पण फोन पिशवीत तळाशी होता.

सायकल: नवी नको, ओळखीची हवी

ज्या सायकलवर किमान हजारेक किलोमीटर झाले आहेत तीच न्यावी. चौकट कशाची आहे यापेक्षा चाके आणि गिअर यांना महत्त्व द्यावे. मागच्या चाकावर साधारण साठ टक्के किंवा त्याहून जास्त भार येतो आणि कॅरिअरवर पिशव्या असतील तर आणखीच. त्यामुळे सामान सायकलवरच असेल तर मागचे चाक ३२ किंवा ३६ स्पोकचे असावे. स्पोक तुटतो तो बहुधा मागच्या चाकात, गिअरच्या बाजूचा, आणि एका धक्क्याने नव्हे तर हजारो फेऱ्यांत ताण कमीजास्त होऊन. म्हणून निघण्यापूर्वी जाणत्या कारागिराकडून सर्व स्पोकचा ताण सारखा करून घ्यावा आणि त्याच लांबीचे चार स्पोक चौकटीला चिकटपट्टीने बांधून ठेवावेत. गिअरच्या बाजूचा स्पोक बदलायला मागची दातेरी चक्रे काढावी लागतात, त्यासाठीचे हत्यार सोबत नसेल तर स्पोक असून उपयोग नाही.

चढासाठी गिअर किती हलका हवा याचा हिशेब करून पाहावा. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९५ किलो असतील आणि चढ सहा टक्क्यांचा असेल, तर ताशी आठ किलोमीटर वेगालाही सुमारे १३५ ते १४० वॅट शक्ती लागते. दिवसभर इतकी शक्ती सर्वांकडे नसते. १०० वॅटवर वेग ताशी सहाच्या आसपास येतो आणि पुढे ३४ दाते व मागे ३४ दाते असतील तर पाय मिनिटाला जेमतेम ४५ ते ५० फेरे मारतात. गुडघे बिघडतात ते इथे. पुढे ३० आणि मागे ३६ दात्यांची जोडी असेल तर तोच चढ बराच सुसह्य होतो. मागच्या दात्यांच्या संख्येवरून चेष्टा करणारे मित्र प्रत्येक गटात असतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे. ताशी आठ किलोमीटरच्या वरच्या हिशेबात, शक्ती तेवढीच ठेवून, दहा किलो जास्तीचे सामान घातले, तर दहा किलोमीटरच्या त्या चढाला सव्वा तासावर आणखी आठ मिनिटे लागतात. आठ मिनिटे फार वाटत नाहीत, पण ती प्रत्येक चढाला द्यायची असतात.

टायर ३२ ते ४० मिलिमीटर रुंदीचे घ्यावेत. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत, मागे थोडी जास्त आणि पुढे थोडी कमी ठेवावी. मागचा टायर लवकर झिजतो. तो टाकायची वेळ आली की पुढचा टायर मागे घालावा आणि नवा पुढे बसवावा, कारण पुढचा टायर अचानक गेला तर सायकल सावरणे जवळजवळ अशक्य असते.

चेन मोजायला साधी पोलादी पट्टी पुरते. नव्या चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून मोजलेले बारा इंच बरोबर दुसऱ्या पिनेच्या मध्यावर संपतात. ती पिन एक सोळांश इंच पुढे गेली असेल तर चेन बदलण्याची वेळ झाली आहे. एक अष्टमांश इंच गेली असेल तर मागची चक्रेही झिजली आहेत असे समजावे. पावसात चालवल्यावर त्याच रात्री चेन पुसून तेल द्यावे आणि जास्तीचे तेल फडक्याने टिपून घ्यावे, नाहीतर त्यावर धूळ बसून कानसच तयार होते. बाकी हत्यारांत दोन ट्यूब, ठिगळे, टायर लिव्हर, पंप, ॲलन कीचा संच, चेन तोडण्याचे हत्यार, ब्रेक पॅड आणि गिअर-ब्रेकच्या तारा पुरेत. ट्यूब बदलता येत नाही असा एकही स्वार गटात नसावा.

शरीर

सराव किमान चार महिन्यांचा हवा. आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू, दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करावे. एका दिवसात दीडशे किलोमीटर मारण्यापेक्षा सलग तीन दिवस सत्तर-ऐंशी किलोमीटर चालवणे या यात्रेसाठी अधिक उपयोगी आहे, कारण परीक्षा असते ती दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसण्याची. यात्रेपूर्वी पाच-सहा आठवडे सगळे सामान लादून, सगळ्या गटाने असा तीन दिवसांचा सराव करावा. कोण कधी चिडतो हेही तेव्हाच कळते.

दुखणे कुठे आहे यावरून कारण बरेचदा सापडते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे, आणि मागच्या बाजूला दुखत असेल तर सीट वर आहे अशी शंका घ्यावी. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा. सीट एका वेळी तीन-चार मिलिमीटरच हलवावी आणि मूळ उंचीवर चिकटपट्टीची खूण ठेवावी. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट बधिर होऊ लागले तर तळव्याच्या कडेची नस हँडलवर दाबली जात आहे. हाताची पकड दर काही मिनिटांनी बदलावी, हँडल थोडे वर घ्यावे, आणि बधिरपणा रात्रीही राहिला तर डॉक्टरांना दाखवावे. तो आपोआप जाईल म्हणून पुढे चालवत राहिलेल्यांना कित्येक आठवडे शर्टाची बटणे लावता येत नाहीत. सायकलस्वारांच्या, आतून गादी शिवलेल्या चड्डीखाली दुसरे अंतर्वस्त्र घालू नये, चड्डी रोज धुवावी आणि मुक्कामी पोहोचताच आधी ती बदलावी. बैठकीवरच्या फोडांनी थांबलेल्या यात्रा अपघातांनी थांबलेल्यांपेक्षा कमी नसतील, त्याबद्दल कोणी बोलत नाही इतकेच.

शरीरात साठवलेले ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंना आणि यकृताला लागलीच वापरता येणारा कर्बोदकांचा साठा, साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते आणि जोरात चालवले तर दीड-दोन तासांत ते संपत येते. म्हणून पहिल्या तासापासून दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके थोडी थोडी खावीत. भूक लागल्यावर खाणे म्हणजे उशीर झालेला असतो. पाणी मात्र घोकून पिऊ नये. मीठ न घेता लिटरमागून लिटर साधे पाणी पिणाऱ्यांच्या रक्तातले सोडियम घसरते, आणि त्याची लक्षणे, म्हणजे डोकेदुखी, मळमळ व गोंधळलेपण, पाणी कमी पडल्यासारखीच भासतात. सरावात एक तास चालवण्याआधी आणि नंतर वजन करून आपला घाम किती जातो हे पाहावे. घटलेल्या वजनात मध्ये प्यायलेले पाणी मिळवले की तासाचा आकडा मिळतो. वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटू देऊ नये, आणि ते वाढले असेल तर पाणी जास्त झाले आहे. जलसंजीवनीची पाकिटे प्रत्येकाच्या पिशवीत असावीत आणि एक पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात विरघळवावे. उन्हात एखादा स्वार असंबद्ध बोलू लागला किंवा तोल जाऊ लागला तर तो उष्माघात समजावा, त्याला सावलीत घेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतत राहावे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवावी. आधी थंड करणे, मग हलवणे, हा क्रम उलटा करू नये.

रस्त्यावर

मदतीची गाडी असेल तर तिने सायकलींच्या मागे सायकलच्या वेगाने चालू नये. मागून वेगाने येणाऱ्या वाहनाला ती संथ गाडी अडथळा ठरते आणि ते ओलांडण्याच्या नादात सायकलस्वारांवरच येते. गाडीने पंधरा-वीस किलोमीटर पुढे जाऊन सुरक्षित जागी थांबावे, शेवटचा स्वार दिसला की मोजणी करावी आणि पुन्हा पुढे जावे. गट मोठा असेल तर चौघा-पाचांच्या तुकड्या करून त्यांत मोटारीला मधे शिरता येईल एवढे अंतर ठेवावे. प्रत्येक तुकडीत सर्वांत मागे एक अनुभवी माणूस असावा आणि त्याच्याकडे सुरू असलेला, आवाज ऐकू येईल अशा जागी ठेवलेला फोन असावा.

सर्वांत महत्त्वाचा कागद थांबण्याच्या नियमांचा. तो निघण्यापूर्वी सर्वांच्या सहीने तयार करावा. सूर्यास्ताच्या एक तास आधी जिथे असू तिथून जवळच्या मुक्कामी थांबायचे, वीज कडाडू लागली की पक्क्या इमारतीत जायचे, डोक्याला मार बसलेल्याने त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसायचे नाही, ताप असलेल्याने गाडीत बसायचे, आणि कोणाही एकाने ‘थांबा’ म्हटले की मतदान न घेता थांबायचे. नेत्याचा अधिकार फक्त थांबवण्याचा असावा. थांबलेल्यांना पुढे ढकलण्याचा नसावा.

अंतर अपुरे राहिले तर देणगीदार पैसे परत मागतील, ही भीती या सगळ्यामागे असते. १९८० मध्ये कॅनडात टेरी फॉक्स हा तरुण कर्करोग संशोधनाच्या निधीसाठी कृत्रिम पायावर देश धावत ओलांडायला निघाला. सायकलने नव्हे, पण गोष्ट तीच. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर कर्करोग फुप्फुसांत पसरल्यामुळे १ सप्टेंबरला थंडर बेजवळ त्याला थांबावे लागले. प्रत्येक कॅनडावासीयामागे एक डॉलर हे त्याचे उद्दिष्ट होते, आणि ते तो थांबल्यानंतर, फेब्रुवारी १९८१ पर्यंत, पूर्ण झाले. तेव्हा आवाहनाच्या पत्रकातच लिहावे, की यात्रा मध्येच थांबली तरी जमा झालेली देणगी संस्थेलाच जाईल.

प्रत्येक किलोमीटरमागे रक्कम कबूल करणाऱ्यांना मात्र खरा आकडा कळवावा लागतो. त्यासाठी रोज रात्री एका वहीत प्रत्येक स्वाराने सायकलवर कापलेले आणि गाडीतून कापलेले अंतर वेगवेगळे लिहावे व दुसऱ्याने त्यावर सही करावी. यात्रा संपल्यावर साधारण तीस दिवसांत या वहीवरून प्रत्येकाला देय रक्कम कळवावी, नव्वद दिवसांत खाते बंद करावे, आणि जमा, खर्च, मंचाचे शुल्क, न आलेली कबुली व संस्थेने दिलेली पोच असा एक पानी हिशेब छोट्यात छोट्या देणगीदारालाही पाठवावा. गाडीतून गेलेले किलोमीटर त्यात लपवू नयेत. आमच्या त्या मनगट मुरगळलेल्या साथीदाराचे २१२ किलोमीटर गाडीतले होते, ते तसेच छापले, आणि त्याच्या नावे कबुली देणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते धरूनच पैसे पाठवले.